तोंड झाकून आलेला

आईच्या शेजारी राहणाऱ्या मॅलाकीच्या गोठ्यात कोलमनने पेंढ्याचा मुखवटा डोक्यावर चढवला, अंगात मॅलाकीचा जुना कोट घातला आणि चाल ओळखू येऊ नये म्हणून डाव्या बुटात एक खडा टाकला.

"आईने ओळखलं नाही तर उद्या ती माझ्याबरोबर गॉल्वेला येणार," तो म्हणाला. "वृद्धाश्रमाचा फॉर्म भरून खिशात ठेवलाय."

"आणि ओळखलं तर?" फिडेल्माने विचारलं.

"तर फाडून टाकीन."

"मॅलाकी, तू साक्षीला आहेस बरं का," ती नवऱ्याला म्हणाली. "शहरातल्या साहेबांनी शब्द दिलाय. आमच्याकडे तो मोडत नाहीत."

कोलमन काही वाईट माणूस नव्हे. पण महिन्याभरात आईने फोनवर त्याला दोनदा मेलेल्या मामाच्या नावाने हाक मारली, आणि तेव्हापासून तो धास्तावला होता. रोज फोन करून विचारायचा, आज वार कोणता, महिना कोणता. म्हातारीला आता माणसं कळत नाहीत, असं त्याच्या मनाने घेतलं होतं.

दिवेलागणीला तिघे मुखवटे चढवून कोलमनच्या आईच्या, डिम्फनाच्या, दारात उभे राहिले. साउइनची संध्याकाळ होती. जग तिला हॅलोविन म्हणतं, भोपळे कोरतं आणि सण अमेरिकेचा समजतं. समजू दे. आमच्याकडे अजून सलगमच कोरतात, मनगटं भरून येईपर्यंत, आणि मुखवटे घालून दारोदार फिरतात ती चांगली मोठी माणसं. आलेल्याने तोंडातून शब्द काढायचा नाही, घरच्याने ओळखायचं. नाव बरोबर निघालं की मुखवटा उतरवायचा. नाहीच ओळखता आलं, तर चुलीजवळची खुर्ची आणि ब्रॅकचा, म्हणजे चहात भिजवलेल्या मनुकांच्या पावाचा, पहिला तुकडा त्या पाहुण्याचा. चौऱ्याऐंशी वर्षांच्या डिम्फनाने आजवर तो कुणालाही फुकट खाऊ दिला नव्हता.

"या, भुतांनो," ती म्हणाली. "पाय पुसून या."

तिघे रांगेने उभे राहिले. तिने पहिल्याकडे ओझरतं पाहिलं.

"मॅलाकी. मेंढ्यांचा वास तुझ्याआधी घरात शिरला."

मॅलाकीने मुखवटा काढला.

"आणि ही फिडेल्मा. इतका वेळ गप्प राहायचं म्हणजे बिचारीचा जीव चाललाय. काढ बाई, बोल काय ते."

फिडेल्मा हसत सुटली. कोलमनला मात्र मुखवट्याआड घाम फुटला. डिम्फना काठी टेकत त्याच्यासमोर आली. तिने कोट पाहिला, बूट पाहिले, मग मुखवट्याच्या भोकांतून दिसणाऱ्या डोळ्यांकडे बराच वेळ पाहिलं. चुलीवरची किटली तेवढी वाजत होती.

"ह्याला नाही बाई मी ओळखत," ती म्हणाली.

फिडेल्माचं हसू जागच्या जागी मावळलं. मॅलाकी खाली बघू लागला. कोलमनला वाटलं होतं, असं झालं की आपण सुटलो, आता निर्णय सोपा. पण सुटल्यासारखं वाटेना. जिने जन्म दिला तिला आपण परके झालो, एवढंच त्याला कळत होतं.

"बस, पाहुण्या," डिम्फना म्हणाली. "हरले मी. मान तुझा."

तिने त्याला चुलीजवळच्या खुर्चीत बसवलं. ब्रॅकचा जाड तुकडा कापला, लोणी थापलं. मग बशी मांडीवर घेऊन, सुरीच्या टोकाने ती त्यातली एकेक मनुका उकरून बाजूला काढू लागली. घाई केली नाही. सगळ्या काढून झाल्यावर तिने बशी त्याच्या हातात दिली.

कोलमन लहानपणापासून मनुकेला तोंड लावत नसे.

तो बशीकडे बघत राहिला. मग त्याने स्वतःच्या हाताने मुखवटा उतरवला.

"आई, ओळखलं होतंस तर नाव का नाही घेतलंस?"

"घेतलं असतं तर या दोघांसमोर तुला तोंड दाखवावं लागलं असतं. पोरगा आईची परीक्षा घ्यायला वेष पालटून आलाय, हे शेजाऱ्यांना ठाऊक असलं तरी त्यांच्यादेखत तुझी फजिती कशाला करू? वार विचारून झाले, महिने विचारून झाले, आता हे. मामाचं नाव तोंडात येतं रे माझ्या. तू बोलतोसच त्याच्यासारखा. म्हणून काय मला माझा मुलगा कळत नाही?"

फिडेल्माने हात पुढे केला. कोलमनने खिशातला फॉर्म तिच्या हातात दिला नाही. स्वतःच चुलीचं झाकण उघडून आत टाकला. आपल्या आईचा इतका अभिमान त्याला याआधी कधी वाटला नव्हता, आणि स्वतःची इतकी लाजही.

"बुटातला खडा काढ आता, पाय सोलवटेल," डिम्फना म्हणाली. तिने जमिनीवरचा मुखवटा काठीने त्याच्याकडे सरकवला. "आणि नीट ऐक. आज मेलेली माणसं घरी येतात, त्यांनी आपल्याला ओळखू नये म्हणून लोक तोंड झाकतात. माझ्याकडे येताना उघड्या तोंडाने यायचं. मी अजून जिवंत आहे."