माल संपेपर्यंत

“साडी कशी हाये, तूच सांग बाई. घेऊ का?” गुणाबाईनं विचारलं.

घडी घालता घालता रुचिकाचा हात थांबला. तुमसरच्या त्या साडीच्या दुकानात सकाळपासून पाय ठेवायला जागा नव्हती. दारावर भलामोठा फलक लागला होता. दुकान कायमचे बंद, माल संपेपर्यंत सर्व साड्या अर्ध्या किमतीत. जवाहरनगरच्या क्वार्टरमधल्या बायका गाडी करून आल्या होत्या आणि एकमेकींच्या हातातून साड्या ओढत होत्या. घेऊ का, असं मात्र कोणी विचारलं नव्हतं. त्यामुळे रुचिकाला गप्प राहणं सोपं गेलं होतं.

साड्यांवरच्या चिठ्ठ्या तिनंच चिकटवल्या होत्या. मालक श्यामराव सांगतील तसा आधी फुगवलेला भाव लिहायचा, त्यावर लाल रेघ मारायची आणि खाली त्याचा अर्धा. ही डाळिंबी साडी दिवाळीत बाराशेला जात होती. आता तिच्यावर तीन हजार खोडून पंधराशे लिहिलं होतं.

गुणाबाई काही परकी नव्हती. मोहाडीकडच्या तलावातली मासोळी घेऊन ती बाजारात बसायची. रुचिकाच्या आईला वजनावर एखादी वरून टाकायची. आज लेकीला, रंजूला घेऊन आली होती. रंजूचं लग्न जमलं होतं, साक्षगंध ठरला होता.

श्यामराव गल्ल्यावरून इकडेच पाहत होते. बाकीच्या पोरींना त्यांनी कामावरून काढलं होतं. रुचिकाला तेवढं भंडाऱ्याच्या नव्या दुकानात घेणार होते, पण इथला माल निघाला तर.

तिनं पदर उलगडून दाखवायचं निमित्त केलं आणि मान वर न करता पुटपुटली, “मावशी, नोका घेऊ. समोरच्या दुकानात हेच साडी बाराशेले हाये.”

गुणाबाई पदरावरून हात फिरवत राहिली. श्यामराव मात्र उठले. गर्दीतून वाट काढत थेट पुढ्यात येऊन उभे राहिले.

“काय सांगून राहिली वं तू गिऱ्हाइकाले?”

रुचिकाला खोटं सुचेना, खरं बोलवेना. आजूबाजूच्या दोघीतिघी साड्या सोडून तिच्याकडे बघू लागल्या.

“रंग पक्का हाये म्हनते,” गुणाबाई म्हणाली. “बांधून द्या.”

श्यामराव गल्ल्याकडे वळले. रुचिकानं साडी पिशवीत घातली. वाचल्याचा आनंद होईना. उलट रागच येत होता. नोकरी पणाला लावून सांगितलं, ते या बाईनं कानाआड केलं. पिशवी द्यायला ती पायरीपर्यंत गेली.

“काहून घेतली, मावशी? मी सांगितलं ना तुमाले!”

“मले मालूम होतं, बाई. सकाळीच जाऊन आलो आमी तिथं.” पुढे गेलेल्या रंजूला ऐकू जाणार नाही अशा बेतानं गुणाबाई बोलली. “मासोळीचा वास येते म्हने. दुरूनच दाखवल्या साड्या, हात नाई लावू देला. तुमच्या या सेलच्या गर्दीत कोनी कोनाले पाहून नाई राहिलं. माह्या पोरीनं आरशासमोर मन भरेपर्यंत साड्या लावून पाह्यल्या.”