चौथा खांदा

कोरोनातून उठल्यावर तीन महिन्यांनी हिरामणने पुन्हा डोलीला खांदा दिला. देवीच्या गडाच्या सातशे पायऱ्या तो वीस वर्षं चढत होता. ज्या भाविकांना चढवत नाही त्यांना चौघांनी मिळून डोलीतून वर न्यायचं, हाच त्याचा धंदा. डॉक्टरांनी बजावलं होतं, "फुप्फुसं अजून बरी झाली नाहीत. हृदयालाही ताण सोसणार नाही. ओझं उचलू नकोस." घरी त्याने सांगितलं, की डॉक्टर हो म्हणाले.

दीडशेव्या पायरीवर श्वास पुरेना. डोळ्यांपुढे अंधारी आली, गुडघे वाकले आणि डोली एका बाजूला कलली. आतली म्हातारी किंचाळली. बाकी तिघांनी कशीबशी डोली खाली टेकवली.

डोलीतून उतरलेली म्हातारी आधी संतापली, मग तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. "बस रे बाबा," ती म्हणाली, "तुझी छाती माझ्यापेक्षा जास्त वाजतेय."

त्याचा जोडीदार रावजी खाली जाऊन दुसरा माणूस घेऊन आला.

"उद्या येऊ ना?" हिरामणने विचारलं.

रावजीने मान फिरवली. "आज म्हातारी दरीत गेली असती, हिरामण."

खाली पायथ्याशी हिरामणच्या बायकोचं नारळाचं दुकान होतं. तो एकटाच उतरताना दिसला तशी ती उठली. तिने नारळ बाजूला सारून त्याला बसायला जागा केली.

थोड्या वेळाने एका भाविकाने विचारलं, "दादा, डोली कुठे मिळेल?"

"तिकडे... रावजीला विचारा," हिरामण म्हणाला. तेवढं बोलायलाही त्याला दोनदा श्वास घ्यावा लागला.