पाहुण्यांना नागपूर दाखवणे

झिरो माइलच्या दगडी घोड्यांसोबत नवरदेवाकडच्या सत्तावीस जणांचे फोटो काढून झाले, तेव्हा साडेअकरा वाजले होते. कृष्णकांतची आई जाऊन पाच तास झाले होते.

लग्न संध्याकाळी सातचं. नवरी मिनल, त्याची पुतणी. सुतक कानावर आलं की लागतं आणि लग्न थांबतं. म्हणून पाहुण्यांच्या कानावर जाऊच द्यायचं नाही, असं मिनलच्या वडिलांनी, म्हणजे धाकट्या रवींद्रने ठरवलं. आईचीही हीच इच्छा असणार, असं सगळे म्हणाले. तिला आता विचारता येत नव्हतं. अग्नी थोरल्याने द्यायचा. पण मुंडण केलेला काका मांडवात दिसला तर सांगलीहून आलेले पाहुणे विचारणारच. तेव्हा अग्नी चुलतभावाकडे गेला आणि कृष्णकांतकडे नागपूर दर्शन आलं. पाहुणे चारपर्यंत रवींद्रच्या हुडकेश्वरच्या घराकडे फिरकायला नकोत, आई तिथेच होती. मनीषनगरात स्वतःच्या घरी फोन आला तसा तो थेट पाहुण्यांच्या लॉजवर गेला. आईचा चेहरा त्याने पाहिलाच नव्हता.

तो इतिहासाचा निवृत्त मास्तर. त्याने मन लावून दाखवलं. सीताबर्डीचा किल्ला बाहेरूनच, कारण तो वर्षातले मोजके दिवस उघडतो. मग फुटाळा तलाव. दीक्षाभूमीवर सगळे चपला काढायला वाकले, तेवढ्यात त्याने डोळे पुसून घेतले. एका मामांनी संत्री कुठे मिळतील विचारलं. त्याने हंगाम समजावून सांगितला.

बसमध्ये तो माइकवर माहिती देत होता, तेव्हा रवींद्रचा फोन आला. माइक बंद करायचा राहिला.

"आत्ताच नेऊन राहिले? बरं. माह्यासाठी थांबू नका. तोंडात तुळशीचं पान ठेवलं का गा? आईले ते मोरपंखी लुगडं नेसवलं ना? जुनं नको."

बसमधल्या सहाही स्पीकरांतून ते स्वच्छ ऐकू आलं. बस नवी होती.

कृष्णकांतने हातातल्या माइककडे पाहिलं. लग्न आपणच थांबवलं, एवढंच त्याला कळलं.

पहिल्या सीटवरून प्रेमलताबाई उठल्या. नवरदेवाची आजी. सकाळपासून त्यांना नागपुरातलं काहीच पसंत पडलं नव्हतं, चहासुद्धा.

"काय मेला इंजिनाचा आवाज!" त्या मागे वळून म्हणाल्या. "मला तर एक अक्षर कळलं नाही. तुम्हाला कुणाला काही ऐकू आलं का रे?"

बस सिग्नलला उभी होती. इंजिन बंद होतं.

सव्वीस माना आडव्या हलल्या.

"कृष्णकांतराव, आता पुढं काय दाखवताय?"

"सेमिनरी हिल्स," तो कसाबसा म्हणाला.

"टेकड्या आमच्याकडंही आहेत. तुमच्या इथला घाट कुठला, तिकडं घ्या गाडी. आम्ही काही उतरणार नाही. तुम्ही जाऊन या. सावकाश या."

कृष्णकांतने घाटाचं नाव सांगितलं. ड्रायव्हरने काही न विचारता गाडी वळवली. मानेवाडा दहनघाटाच्या फाटकापाशी कृष्णकांत उतरला. आत लाकडं रचून झाली होती, पण आईचा चेहरा अजून झाकला नव्हता. तो धावत सुटला.

मागे बसमध्ये सत्तावीस जणांनी एकेक करून खिडक्यांचे पडदे ओढून घेतले.