भरीचं वाक्य

“हा घ्या पुरावा,” म्हणत रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरने मोबाइल म्हाताऱ्या बाईंच्या नाकासमोर धरला. “कंपनीने आमच्या कप्तानाची पार वाट लावलीय.”

बाईंनी चष्मा पुसला. तीस वर्षांपूर्वी त्या परदेशी मालिकांचे संवाद आपल्या भाषेत लिहायच्या. त्यातलीच ही एक, अंतराळयानाची. तिचे चाहते अजून दर रविवारी जमत. आता कंपनीने ती मूळ आवाजात, खाली नव्या भाषांतराची ओळ देऊन, पुन्हा दाखवायला घेतली होती, आणि चाहत्यांच्या मंडळाचा भडका उडाला होता. निषेधाचं पत्र तयार होतं. साक्षीदार म्हणून बाईंची सही तेवढी हवी होती. जुन्या स्टुडिओच्या वॉचमनकडून पत्ता काढून तिघं थेट बाईंच्या घरी आले होते: ड्रायव्हर, मंडळाचे अध्यक्ष असलेले गणिताचे सर, आणि सगळ्या सभासदांना यानातले गणवेश शिवून देणारी शिंपीण.

पडद्यावर उजाड ग्रह होता. कप्तान क्षितिजाकडे बघत होता. त्याचे ओठ सावकाश हलले.

“इथे तो काय म्हणतो?” सरांनी वर्गात विचारावं तसं विचारलं.

“‘जिथे आपली कुणी वाट बघत नाही, तिथे आधी पोहोचायचं,’” शिंपीण डोळे मिटून म्हणाली.

“आणि यांनी खाली काय लिहिलंय? ‘चला आता, भूक लागली.’ भूक! कप्तानाला!” ड्रायव्हर उसळला.

बाईंना हसता हसता ठसका लागला. पाणी प्याल्यावर त्या म्हणाल्या, “अहो, तो तेच म्हणतोय.”

ड्रायव्हरने दृश्य मागे नेऊन पुन्हा लावलं. बाईंनी पडद्यावर बोट ठेवलं.

“भूक लागली, हे दोन सेकंदांत संपतं. याचं तोंड हलतंय सात सेकंद. उरलेली पाच मी भरून काढली. रेकॉर्डिंगवाला बाहेर बोंबलत होता, विचार करायला वेळ कुणाला होता?”

“पण तो इतका थांबत थांबत बोलतो...” शिंपीण म्हणाली. “हुंदका आवरतोय ना?”

“बिस्किट चावतोय.”

सर खुर्चीत खचले. तिसऱ्या भागातल्या कप्तानाच्या मौनावर त्यांनी चाळीस पानी निबंध लिहिला होता. त्यांनी अगदी हळू आवाजात त्या मौनाचं विचारलं.

“त्या दिवशी आवाज देणाऱ्याचा घसा बसला होता,” बाई म्हणाल्या.

ड्रायव्हर अजून मोबाइलकडेच बघत होता. “मावशी,” तो म्हणाला, “त्या वाक्यापायी मी बँकेतली नोकरी सोडली.”

बाईंचं हसू जागीच विरलं. “अरे बाबा! घरचे काय म्हणाले?”

“बायको महिनाभर अबोला धरून होती. सासरे तर अजून बोलत नाहीत.”

“मला माफ कर रे. मी नुसती भर घातली होती. तू ती एवढी मनावर घेशील, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.”

ड्रायव्हरने मोबाइल खिशात टाकला.

“मंगळवारी एका घराचं दार फोडलं,” तो म्हणाला. “आत एक आजोबा दोन दिवस न्हाणीघरात पडून होते. भरदिवसा दिवा जळताना बघून शेजारणीने आम्हाला फोन केला, म्हणून कळलं. मला बघून म्हणतात कसे, ‘मी तर कुणाला बोलावलंच नव्हतं!’” त्याने मान वर केली. “वाचले ते. ‘भूक लागली’ एवढंच ऐकलं असतं, तर मी आज काउंटरवर बसलेला असतो, मावशी.”

बाईंनी पदराने डोळे टिपले. शिंपिणीने तर चक्क हुंदका दिला.

सर मात्र ताठ बसले. त्यांनी खिशातून लाल पेन काढलं, निषेधाचं पत्र मांडीवर घेतलं आणि वरपासून खालपर्यंत एक तिरकी रेघ मारली. मग पाठच्या कोऱ्या बाजूवर भराभरा लिहायला लागले.

“माझी सही कुठे करायची?” बाईंनी विचारलं.

“थांबा, आधी ऐका.” सरांनी घसा खाकरला आणि वाचायला सुरुवात केली:

“‘महोदय, आपल्या मूळ मालिकेत गंभीर चुका राहिल्या आहेत. आमच्या भाषांतरावरून त्या ताबडतोब दुरुस्त करून घ्याव्यात.’”