दुपारचं मशीन

"मास्तर, मशीन तर दुपारभर धडधडत असतं, मग माझा कोट अजून तुकड्यांतच कसा?" बँडवाले काका दुकानाच्या फळीवर दोन्ही हात आपटून म्हणाले. "शनिवारी कोटाशिवाय स्टेजवर चढलो ना, तर लोक मला खुर्च्या लावायला सांगतील!"

बाबा हसले. हो की नाही, काही कळू नये असं. "होईल हो, शनिवारच्या आत होईल," म्हणाले, टेप गळ्यात टाकली आणि मागच्या खोलीत शिरले. आतून कडी.

धाकटीचे कान टवकारले. काकांचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. ती शाळेतून यायची तेव्हा रोज मागच्या खोलीतून धडधड ऐकू यायची, आणि दुकानातली कामं मात्र जागची हलत नव्हती. मग बाबा शिवत होते तरी काय? आणि कुणासाठी?

ताईसाठी, दुसरं कोण! ताई परदेशात विद्यापीठात शिकत होती. पहिल्या परीक्षेत ती चांगलीच आपटली होती. आता दुसऱ्यांदा बसणार होती, आणि यातही गेली तर तिथून नाव कमी होऊन थेट घरी. परीक्षा अगदी तोंडावर आली होती. म्हणजे बाबा तिच्यासाठी गुपचूप काहीतरी झकास शिवत असणार. आणि आपल्याला पत्ताच नाही! हे म्हणजे फारच झालं.

तिनं तपास सुरू केला. आधी केराची टोपली. एक चिंधी सापडेल तर शपथ. मग दोऱ्याची रिळं. ती होती तेवढीच गुबगुबीत. नवं कापड तर घरात आलंच नव्हतं. कापड नाही, दोरा नाही, चिंधी नाही, आणि मशीन आपलं चालूच. भूतबित शिवतंय की काय?

तिनं भिंतीला कान लावला. ताई असती तर एव्हाना सोक्षमोक्ष लागला असता. लहानपणी दोघी मशीनशेजारी बसूनच गृहपाठ करायच्या, आणि ताई डोळे मिटून नुसत्या आवाजावरून सांगायची, "हे सुती. हे जाड, कोटाचं. आता शिवण संपत आली." कधी चुकायची नाही. धाकटीला मात्र सगळं सारखंच. धडधड म्हणजे धडधड.

शेवटी ती मागच्या बाजूला गेली, बादली पालथी घातली, तिच्यावर चढली आणि खिडकीतून आत डोकावली.

बाबा जुन्या मशीनवर बसले होते. पायानं चालवायचं ते कोपऱ्यातलं धूड! त्याचं शटल झिजलं होतं, टाका बसत नव्हता, म्हणून तर दुकानात विजेवरचं नवं आणलं होतं. बाबांचे पाय एका लयीत हलत होते. सुई खालीवर नाचत होती. तिच्यात दोरा नव्हता. तिच्याखाली कापड नव्हतं. समोर रिळांच्या डब्याला फोन टेकवलेला, आणि फोनमध्ये दिसत होता फक्त एक भांग. पुस्तकात खुपसलेल्या डोक्यावरचा, ताईचा.

तेवढ्यात बादली सरकली. बाबांनी दचकून वर पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. पाय मात्र थांबले नाहीत. फोनमधली ताई चहा करायला उठली, तेव्हा कुठे त्यांनी तिकडे जाणारा आवाज बंद केला आणि दार उघडलं.

"बाबा, तुम्ही बरे आहात ना?"

"हळू बोल. तिला शांततेत वाचताच येत नाही गं. तिथली खोली म्हणे इतकी शांत, की स्वतःच पान उलटते आणि स्वतःच दचकते. मागच्या खेपेला तेच झालं. मशीनच्या मांडीवर वाढलेली पोर ती!"

"मग रेकॉर्ड करून पाठवायचं की! इतकं सोप्पं!"

"पाठवलं होतं. दुसऱ्या दिवशी म्हणाली, बाबा, तुम्ही दर वेळी एकाच ठिकाणी खोकताय."

धाकटी फिसकन हसली. "मग नव्या मशीनवर काकांचा कोट शिवत बसा. दोन्ही कामं होतील."

"नव्याला कुठे तोंड आहे? नुसतं गुरगुरतं."

"पण हे तर रिकामंच—"

"शू! तिला वाटतंय मी काम करतोय. रिकामं चालवतोय म्हणून कळलं तर आत्ताच्या आत्ता बंद करायला लावेल. फोनवरून कुठे कळतंय!" बाबांनी गुडघा चोळला. तो टम्म सुजला होता.

धाकटीनं गुडघ्याकडे पाहिलं. मग दाराबाहेर, खुंटीवर लटकलेल्या बिनबाह्यांच्या कोटाकडे.

"उठा," ती म्हणाली. "तुम्ही कोटाला लागा. धडधड आजपासून माझ्याकडे."

"तुला जमेल?"

"बाबा, पाय हलवायचेत. विमान उडवायचं नाहीये."

बाबा लंगडत दुकानात गेले. धाकटीनं फोन छताकडे वळवला, आवाज पुन्हा सुरू केला आणि पायांना जोर दिला. धडधड, धडधड, धडधड! मस्तच जमत होतं. पलीकडे कप ठेवल्याचा आवाज आला, खुर्ची सरकली, पान उलटलं.

"चिंगे, जरा हळू," फोनमधून ताई म्हणाली. "बाबा असे शर्यतीला निघाल्यासारखे चालवत नाहीत."

धाकटीचे पाय जागीच थिजले. खोली एकदम गप्प झाली.

"आणि ते रिकामं आहे, हे मला पहिल्या दिवसापासून ऐकू येतंय. बाबांना मात्र सांगू नकोस हं," ताई म्हणाली. "थांबलीस का? चालव ना."