ताईची खुर्ची

“खोलीत दुसरं कोणी आहे का?” परीक्षेवर नजर ठेवणाऱ्या सरांनी लॅपटॉपमधून विचारलं. “मघापासून कोणाशी बोलताय?”

धाकटी दचकली. काम करताना बोलायची सवयच होती. ती प्रोग्राम टाइप करायची आणि शेजारच्या खुर्चीत बसून थोरली चुका पकडायची. चूक दिसली की टेबलावर बोटाने दोनदा टकटक.

“ती दुसरी खुर्ची कोणाची?”

“ताईची.”

“मग त्यांना बाहेर बसायला सांगा. नाहीतर परीक्षा रद्द करावी लागेल.”

ताईला जाऊन सात महिने झाले होते. पण ते सांगायला गेली असती तर रडूच फुटलं असतं, आणि घड्याळ काही कोणासाठी थांबत नाही. ही शेवटची फेरी होती. पास झाली तर सोमवारपासून नोकरी, नापास झाली तर पुन्हा काकांच्या दुकानात काउंटरवर. तिने खुर्ची उचलून खोलीबाहेर, घरातल्याच बोळात ठेवली. “बस जरा बाहेर,” असं पुटपुटली आणि दार लावून घेतलं.

प्रश्न दिसायला सोपा होता. दोन आकडे घ्यायचे, त्यांचे बिट, म्हणजे संगणकातले शून्य-एकचे अंक, समोरासमोर ठेवायचे. सारखे असले तर शून्य, वेगळे असले तर एक. सगळी शून्यं आली, म्हणजे आकडे सारखेच निघाले, की ती जोडी धरायची. अशा जोड्या किती?

आकडे होते चार, नऊ, चार, नऊ, सहा. चारची एक, नवाची एक, म्हणजे उत्तर दोन. तिचा प्रोग्राम मात्र सात म्हणत होता.

तिने वरपासून खालपर्यंत प्रत्येक ओळ तपासली. सात. कंस बदलून पाहिले. मेलं पुन्हा सातच. चार मिनिटं उरली, मग तीन. काउंटरमागची काकांची नजर आत्ताच दिसायला लागली.

टकटक.

आवाज खोलीच्या दारावर आला. आई सकाळीच घराला बाहेरून कुलूप लावून गेली होती, पेपर चालू असताना कोणी टपकायला नको म्हणून. घरात ती एकटीच होती.

टकटक.

जोड्या मोजताना धाकटी चुकली की टकटक करून ताई नेहमी एकच वाक्य म्हणायची, “अगं येडे, स्वतःलाच काय मोजतेस? पुढे सरक!” धाकटीने स्क्रीनकडे पाहिलं. खरंच की! प्रोग्राम प्रत्येक आकड्याची त्याच्याशीच जोडी लावत होता. पाच आकडे, पाच खोट्या जोड्या. एकट्या पडलेल्या सहाचीसुद्धा. तिने दुसरा आकडा एक घर पुढून घ्यायला लावला.

दोन.

तिने ‘सबमिट’ दाबलं. सगळ्या चाचण्यांपुढे हिरव्या खुणा आल्या.

“अभिनंदन,” सर म्हणाले. “पण ताईंना सांगा, परीक्षा चालू असताना दार वाजवायचं नसतं. दोनदा ऐकू आलं मला. बोलवा आता त्यांना आत.”

धाकटीची मान काही दाराकडे वळेना.

“ये ना गं,” ती पाठमोरीच म्हणाली.