यंत्रमाशाचा निकाल

ओढ्याचं पाणी तपासणारा सरकारी यंत्रमासा 'पाणी शुद्ध' म्हणत हिरवा झाला आणि त्याच क्षणी गावाला वाळ्याच्या गवतासाठी मिळणारं अनुदान आपोआप बंद पडलं.

"अहो, बांधावरचा वाळा शेतातलं खत अडवतो, म्हणून तर पाणी शुद्ध झालं!" इंदूबाई खरमाटे कडाडल्या. "आता तो वाळा राखायचा कशावर?"

"ताई, नियम माशाच्या डोक्यातच भरलेत," अनुदान कचेरीतले साहेब हळूच म्हणाले. "चार पोती युरिया जाऊ द्या ओढ्यात. मासा लाल झाला की अनुदान सुरू."

इंदूबाई तरातरा पाण्यात उतरल्या. यंदाच परतलेली खऱ्या माशांची पिल्लं त्यांच्या पायांशी सळसळली. त्यांनी यंत्रमासा उचलला आणि निथळत तसाच साहेबांच्या हातात कोंबला.

"याला घाणच हवीय ना? मग तुमच्या कचेरीत सोडा!"